दारूचे दुकान आणि गावाचे मत

आमच्या रात्रीच्या वर्गात एके दिवशी जोडाक्षरांचा पाठ चालला होता. मागच्या रांगेत बसणाऱ्या एका आजींनी पाटी पुढे केली आणि म्हणाल्या, "गुरुजी, आज मला 'परवाना' कसं लिहायचं ते दाखवा." मी फळ्यावर लिहून दाखविले. शब्द सोपा आहे, त्यात जोडाक्षर नाही. आजींनी तो चार वेळा गिरवला. मग हळूच विचारले, "दारूच्या दुकानाला हा परवाना देतं कोण?"

वर्गात एकदम बोलणे सुरू झाले. कोणी म्हणाले, सरपंच देतो. कोणी म्हणाले, फौजदार देतो. एक दादा म्हणाले, "पैसा देतो, दुसरं कोण!" सगळे हसले. आजी मात्र हसल्या नाहीत. त्यांचा धाकटा मुलगा रोज संध्याकाळी त्या दुकानावर जातो, हे वर्गात सर्वांना ठाऊक होते.

त्या दिवशी जोडाक्षरे तशीच राहिली. आजींच्या प्रश्नाचे उत्तर देता देता दोन-तीन रात्री गेल्या. तोच हा पाठ आहे.

पहिल्यांदा दुकानाची पाटी वाचू. 'सरकारमान्य देशी दारूचे दुकान' असे तिच्यावर लिहिलेले असते. त्यातील पहिला शब्द महत्त्वाचा आहे. सरकारमान्य. ग्रामपंचायतमान्य असे कोठेही लिहिलेले नसते. किराणा दुकान, पिठाची गिरणी, चहाची टपरी यांच्यासाठी माणूस पंचायतीकडे जातो. दारूचा परवाना पंचायत देत नाही. तो राज्य सरकारचे एक खाते देते. या खात्याचे नाव राज्य उत्पादन शुल्क विभाग. जुनी माणसे त्याला आबकारी म्हणतात. जिल्ह्यात या खात्याचा मोठा अंमलदार म्हणजे अधीक्षक, आणि परवान्याच्या कामात त्याच्यावर जिल्हाधिकारी, म्हणजे आपले कलेक्टर साहेब.

असे का? याचे कारण थोडे जुने आहे.

इंग्रजांच्या राज्यात मुंबई इलाख्यासाठी १८७८ साली आबकारी कायदा झाला. दारू गाळणे आणि विकणे सरकारच्या हाती आले. विकण्याचा मक्ता लिलावात जाई. जो जास्त पैसे देई त्याला मक्ता मिळे. मक्तेदाराने पैसे मोजलेले असत, ते वसूल व्हावेत म्हणून तो जास्त दारू खपवी. सरकारच्या तिजोरीत भर पडे आणि गरिबाच्या घरची भांडी विकली जात. जोतीराव फुले तेव्हा पुणे नगरपालिकेचे सभासद होते. शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांबद्दल त्यांनी १८८० साली नगरपालिकेकडे लेखी तक्रार केली होती. म्हणजे 'आमच्या गावात दुकान नको' असे कागदावर लिहून देण्याची रीत आपल्याकडे आजची नाही, बरे का.

स्वातंत्र्य मिळाल्यावर उलटे वारे वाहिले. १९४९ साली मुंबई राज्याने दारूबंदीचा कायदा केला, आणि १९५० साली सर्व राज्यात दारूबंदी आली. आपल्या राज्यघटनेच्या ४७ व्या कलमातही लिहिले आहे की, औषधाखेरीज मादक पेये बंद करण्याचा सरकारने प्रयत्न करावा. पण चोरून दारू गाळणे वाढले. पुढे १९६० नंतर सरकारने बंदी हळूहळू सैल केली. १९७३ साली देशी दारूचे नियम झाले आणि गावोगावी देशी दारूची दुकाने दिसू लागली.

येथे एक गंमत आहे. बंदी सैल झाली, पण १९४९ चा कायदा रद्द झाला नाही. तोच आजही चालू आहे, आणि त्याच्या नावात अजून दारूबंदी हाच शब्द आहे. या कायद्याचे बोलणे असे आहे: दारू करणे, बाळगणे, नेणे, विकणे, पिणे, सर्व मना आहे, ज्याला परवाना असेल त्याला तेवढ्यापुरती सूट. पिणाऱ्यालासुद्धा परवाना लागतो. त्याला इंग्रजीत परमिट म्हणतात. बसून दारू पिण्याच्या जागेला लोक 'परमिट रूम' म्हणतात, ते त्यावरूनच. परमिट असलेल्या माणसाने बसावयाची ती खोली. आज किती पिणाऱ्यांच्या खिशात परमिट असते, ते मी सांगण्याची गरज नाही.

यातून एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. दारू विकणे हा कोणाचा जन्मसिद्ध हक्क नाही. सर्वोच्च न्यायालयानेही हे पुष्कळ वेळा सांगितले आहे. भाजी विकणे हा धंदा करण्याचा हक्क मला आहे. दारू विकणे ही सरकारने दिलेली सवलत आहे. सवलतीला अटी असतात. अट मोडली तर सवलत काढून घेता येते. दुकानदार तुम्हाला म्हणेल, "माझ्याजवळ सरकारी कागद आहे, तुम्ही काय करणार?" तर त्याला म्हणावे, "दादा, तो कागद आम्हालाही वाचून दाखवा."

त्या कागदावर काय असते? परवाना कोणाच्या नावे आहे, कोणत्या जागेसाठी आहे आणि कोणत्या जातीचा आहे, हे असते. देशी दारूच्या दुकानाचा परवाना वेगळा. बाटलीबंद विदेशी मद्याच्या दुकानाचा वेगळा, त्याला लोक वाइन शॉप म्हणतात. परमिट रूमचा वेगळा. नुसत्या बिअरच्या दुकानाचा आणखी वेगळा. ताडीचा तर निराळाच. एका परवान्यावर दुसरा माल विकता येत नाही. बिअरचा परवाना घेऊन मागच्या दाराने देशी विकणारा परवान्याची अट मोडतो.

परवाना जन्मभराचा नसतो. त्याचे वर्ष १ एप्रिलला सुरू होते आणि ३१ मार्चला संपते. दरवर्षी फी भरून तो नवा करून घ्यावा लागतो. फी गावाच्या वस्तीप्रमाणे कमीजास्त असते. ही फी आणि दारूवरचे शुल्क राज्याच्या तिजोरीत जाते. ही रक्कम फार मोठी असते, म्हणून कोणतेही सरकार दुकाने बंद करण्याची घाई करीत नाही. हे मी कोणावर राग धरून सांगत नाही. ज्या हाताला भाकर मिळते तो हात सहसा कोणी तोडून टाकीत नाही, एवढेच.

अटींपैकी काही आपल्यालाही तपासता येण्यासारख्या आहेत. ठरलेल्या वेळेआधी दुकान उघडता येत नाही व वेळेनंतर चालू ठेवता येत नाही. २ ऑक्टोबरला, गांधीजींच्या जयंतीला, दुकान बंद पाहिजे. निवडणुकीत मतदान संपण्याच्या आधीचे ४८ तास बंद पाहिजे. कोवळ्या पोरांना दारू विकता येत नाही. महाराष्ट्रात बिअर व वाइनसाठी वयाची २१ वर्षे आणि त्याहून कडक मद्यासाठी २५ वर्षे पुरी लागतात. शाळा, देऊळ, मशीद यांपासून किती लांब असावे याचेही नियम आहेत. परमिट रूमसाठी ते अंतर ७५ मीटर आहे. देशी दारूच्या दुकानाचे नियम वेगळे आहेत.

रस्त्याचाही नियम आहे. दारू पिऊन गाडी चालविणाऱ्यांमुळे माणसे मरतात, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये हुकूम दिला की राष्ट्रीय व राज्य महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारूचे दुकान नको. पुढे ३१ मार्च २०१७ रोजी न्यायालयाने सांगितले की, जेथे वस्ती २०,००० किंवा त्याहून कमी आहे तेथे हे अंतर २२० मीटर धरावे. त्या वेळी केरळात एका बारवाल्याने काय केले माहीत आहे? दुकान होते तेथेच ठेवले आणि दारापुढे भिंती घालून चक्रव्यूहासारखी वाकडीतिकडी वाट केली. वाट लांबली, म्हणजे अंतर वाढले! वर्गात हे सांगितल्यावर आजी पहिल्यांदा हसल्या. म्हणाल्या, "एवढं डोकं चांगल्या कामाला लावलं असतं तर!"

आता पंचायतीकडे येऊ. परवाना पंचायत देत नाही, हे खरे. मग गावाला काहीच विचारत नाहीत काय? विचारतात, आणि दोन वेळा विचारतात. एकदा दुकान गावात येताना, आणि एकदा गावाने दुकान घालवायचे ठरविले तेव्हा.

पहिले, दुकान येताना. १९७० नंतरच्या दशकापासून देशी दारूच्या नव्या दुकानांचे परवाने देणे सरकारने बहुतेक थांबविले. म्हणून कित्येक वेळा नवे दुकान येते ते नवे नसतेच. दुसऱ्या गावचा जुना परवाना उचलून आपल्या गावी आणलेला असतो. तसे करताना ग्रामसभेचा ना-हरकत ठराव मागतात. ना-हरकत म्हणजे 'आमची हरकत नाही'. हे तीन शब्द गावाने लिहून दिले की दुकानाची वाट मोकळी होते.

ग्रामसभा म्हणजे पंच आणि सरपंच नव्हेत. गावच्या मतदार यादीत ज्याचे नाव आहे तो प्रत्येक जण, बाई असो की बुवा, ग्रामसभेचा सभासद आहे. सभेला मतदारांपैकी शंभरात पंधरा जण, किंवा एकूण १०० जण, यांपैकी जी संख्या कमी असेल तितके लोक लागतात. ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी सभा घ्यावयाची असते. ती होते का, याची चौकशी करा. पुष्कळ ठिकाणी ती फक्त वहीत होते.

वहीवरून आठवले. माझ्या पाहण्यातील एका गावी ग्रामसभा भरली होती. विषय होता पाण्याच्या टाकीचा. बायका आल्या, बसल्या. वही फिरली. ज्यांना सही येत होती त्यांनी सही केली, ज्यांना येत नव्हती त्यांनी अंगठा उठवला. महिन्या-दीड महिन्याने कळले की त्याच सभेत दारूच्या दुकानाला ना-हरकत दिल्याचा ठराव लिहिला गेला आहे, आणि खाली सर्वांच्या सह्या व अंगठे आहेत. ठराव मागाहून मोकळ्या जागेत लिहिला, असे बायकांचे म्हणणे होते. सभेतच वाचून दाखविला होता, असे दुसऱ्या बाजूचे म्हणणे होते. खरे काय ते मी सांगू शकत नाही. पण बायकांपैकी एकीलाही त्या दिवशी वही वाचता येत नव्हती, हे मला ठाऊक आहे. आमचा रात्रीचा वर्ग त्यानंतर सुरू झाला.

म्हणून वर्गात मी एक गोष्ट पहिल्या आठवड्यातच शिकवतो. सही शिकण्याआधी 'सही कोठे करू नये' हे शिका. वर मोकळी जागा असेल तर सही करू नये. वर जे लिहिले आहे ते स्वतः वाचावे, नाही तर मोठ्याने वाचून मागावे. ठराव संपला की त्याच्या खाली लगेच आडवी रेघ ओढायला सांगावे. विरोध असेल तर 'माझा विरोध आहे' हे तीन शब्द सहीपुढे आपल्या हाताने लिहावेत. आणि झालेल्या ठरावाची नक्कल मागावी. ग्रामसेवक भाऊसाहेबांना राग येईल असे समजू नका. चांगला ग्रामसेवक असेल तर उलट त्याला बरेच वाटेल, कारण उद्या चौकशी आली तर वही त्याच्याच अंगावर येते.

दुसरे, दुकान घालवताना. आजींना जे विचारायचे होते ते हेच.

२००८ साली महाराष्ट्र सरकारने एक आदेश काढला. त्याप्रमाणे गावातील किंवा शहराच्या प्रभागातील परवान्याचे दारूचे दुकान लोकांच्या मताने बंद करता येते. लोक त्याला 'आडवी बाटली'चा कायदा म्हणतात. त्याची रीत अशी आहे. गावच्या यादीत जितक्या स्त्री मतदार आहेत त्यांच्या एक-चतुर्थांश, म्हणजे चार आण्यांइतक्या, बायकांनी सह्यांचा अर्ज द्यावा. एकूण मतदारांपैकी एक-चतुर्थांशांनी दिला तरी चालतो. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे असतो. अर्ज पोचल्याची सही-शिक्क्याची पोच घ्यावी. ती नसली तर अर्ज दिला हे तुम्ही सिद्ध कसे करणार? मग सरकारी माणसे गावात येऊन सह्या तपासतात. सह्या पुरेशा व खऱ्या ठरल्या म्हणजे मतदानाचा दिवस लागतो. मतदान गुप्त असते. चिठ्ठीवर दोन चित्रे असतात. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या. आडवी बाटली म्हणजे दुकान बंद करा. वाचता न येणाऱ्या बाईलाही कळावे म्हणून ही चित्रे. युक्ती चांगली आहे.

या रीतीत दोन ठिकाणी पाय घसरतो. तेवढी दोन नीट समजून घेऊ.

पहिले ठिकाण सह्यांच्या तपासणीचे. आजींच्या गावच्या बायकांनी एकदा असा अर्ज दिला होता. सह्या हव्या त्याहून जास्तच होत्या. पण तपासणीचा दिवस आला तो नेमका लग्नसराईत. कितीतरी बायका माहेरी, कितीतरी वऱ्हाडात. ज्या हजर होत्या त्यांच्यातही घोटाळा झाला. एका सुनेने अर्जावर अंगठा उठवला होता. मध्यंतरी ती आमच्या वर्गात येऊन सही शिकली. साहेबांनी विचारले, "ही तुमची सही का?" ती म्हणाली, "मी तर सही करते, हा अंगठा कोणाचा?" तिला वाटले, आपण अडाणी ठरू. एक नाव तेथे गेले. एक म्हातारी घाबरून म्हणाली, "मला नाही माहीत." तिच्या दारात तिचा मुलगा उभा होता. आणखी एक नाव गेले. सरतेशेवटी चौथा हिस्सा भरला नाही आणि अर्ज निकाली निघाला.

त्या सुनेला मी दोष देत नाही. अंगठा देणे ही लाजेची गोष्ट आहे असे आम्हीच वर्गात इतक्यांदा म्हटले होते! तेव्हापासून मी ते म्हणणे सोडले. अंगठा उठवला असेल तर 'होय, हा माझाच, तेव्हा मला लिहिता येत नव्हते' असे सांगावे. आणि अर्जावर लागतील तितक्याच सह्या घेऊन थांबू नये. पुष्कळ जास्त घ्याव्यात. तपासणीचा दिवस कळला की घरोघर जाऊन सांगावे.

दुसरे ठिकाण मोजणीचे. येथे हुशार माणसेही फसतात. आपल्याला वाटते, आडव्या बाटलीला उभीपेक्षा जास्त मते पडली की झाले. तसे नाही. यादीत जितक्या स्त्री मतदार आहेत, त्यांच्या निम्म्याहून जास्त मते आडव्या बाटलीला पाहिजेत. मतदानाला जितक्या आल्या त्यांच्या निम्म्याहून नव्हे. यादीतल्या निम्म्याहून. हे वाक्य मी वर्गाकडून तीन वेळा म्हणवून घेतले.

फळ्यावर हिशेब मांडू. समजा, एका गावच्या यादीत ८४० बायकांची नावे आहेत. त्यांचा चौथा हिस्सा २१०. म्हणजे अर्जाला २१० सह्या लागतील. ८४० चे निम्मे ४२०. निम्म्याहून जास्त म्हणजे निदान ४२१ मते पाहिजेत. मतदानाला ६१० बायका आल्या. आडव्या बाटलीला ४०५ मते पडली, उभीला १९०, आणि १५ चिठ्ठ्या बाद झाल्या. आलेल्या दर तीन बायकांपैकी जवळजवळ दोघींनी 'बंद करा' म्हटले. तरी दुकान चालूच राहणार, कारण १६ मते कमी पडली.

एक दादा म्हणाले, "म्हणजे जी घरी बसली ती उभ्या बाटलीचीच झाली की!" अगदी बरोबर. घरी बसलेली, शेतावर गेलेली, ऊस तोडायला कारखान्यावर गेलेली, सर्वांची मोजणी दुकानाच्या बाजूने होते. इतकेच काय, मेलेलीचीसुद्धा!

हे ऐकून वर्ग गप्प झाला. मी समजावून सांगितले. यादीतून नाव कमी होईपर्यंत ते नाव ८४० मध्ये मोजले जाते. ती मत द्यायला तर येऊ शकत नाही. समजा, त्या ८४० नावांत ३६ नावे अशी आहेत की ती बाई वारली आहे, किंवा लग्न होऊन कायमची दुसऱ्या गावी गेली आहे. ती ३६ नावे आधीच रीतसर कमी केली असती, तर यादीत ८०४ राहिली असती. त्यांचे निम्मे ४०२. लागणार होती ४०३ मते. पडली होती ४०५. दुकान बंद झाले असते.

म्हणून आडवी बाटली करायची तर पहिले काम मोर्चाचे नाही, मतदार यादीचे आहे. यादी मतदान केंद्राच्या अधिकाऱ्याकडे, त्यांना बीएलओ म्हणतात, पाहावयास मिळते. आपल्या गावी बहुधा शाळेचे मास्तर किंवा अंगणवाडीच्या ताई हे काम करतात. वारलेल्या माणसाचे नाव कमी करण्यासाठी ७ नंबरचा नमुना भरावा लागतो. नवे नाव घालण्यासाठी ६ नंबरचा. दुसऱ्या गावी राहायला गेलेल्याचे नाव हलविण्यासाठी ८ नंबरचा. १८ वर्षे पुरी झालेल्या मुली आणि नव्या सुना यांची नावे आठवणीने घालावीत. मात्र जी बाई जिवंत आहे, गावात राहते, पण आपल्या मताची नाही, तिचे नाव काढण्याचा विचारही मनात आणू नये. ती लबाडी आहे आणि गुन्हाही आहे. नियमांत अधूनमधून फेरबदल होतात, म्हणून अर्ज लिहिण्यापूर्वी उत्पादन शुल्काच्या कचेरीतून चालू आदेशाची नक्कल मागून घ्यावी, तीही वाचूनच.

येथे एका गृहस्थांनी वर्गात जे विचारले ते लपवून ठेवणे बरे नाही. ते स्वतः कधीमधी घेतात. ते म्हणाले, "गुरुजी, दुकान बंद केलं तर माणूस पिणं सोडतो का? चार कोस लांब जाऊन पिईल, नाही तर हातभट्टीची पिईल. दुकानातली निदान तपासलेली असते." त्यांचे बोलणे खोटे नाही. परवान्याच्या दारूवर सरकारची तपासणी असते. हातभट्टीवर कोणाचीच नसते. मुंबईत मालाडच्या मालवणी भागात जून २०१५ मध्ये विषारी दारू पिऊन शंभराहून जास्त माणसे दगावली. त्या दारूत मिथेनॉल नावाचे विष होते. ते पोटात गेले तर डोळे जातात, जीव जातो. आणि गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे, तरी तेथे चोरटी दारू पकडल्याच्या बातम्या येतातच. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली बंदी आली आणि २०२१ साली सरकारनेच ती उठवली.

तेव्हा मी त्या गृहस्थांना एवढेच म्हटले की, दुकान बंद होणे म्हणजे दारू बंद होणे नव्हे, हे कबूल. पण दुकान वाटेवर असले की मजुरीचे पैसे घरी पोचण्याआधी तेथे थांबतात. दुकान चार कोस लांब असले तर रोज जाणारा माणूस आठवड्यातून दोनदा जाईल. ज्या घरात रोज मार खावा लागतो तेथे पाच दिवसही मोठे असतात. यावर ते काही बोलले नाहीत. आजींनी मात्र मान हलवली.

हातभट्टीसाठी उपाय वेगळा आहे. तेथे परवानाच नसतो, म्हणून मतदानाचा प्रश्न येत नाही. तो सरळ गुन्हा आहे. पोलीस आणि उत्पादन शुल्क खाते, दोघांनाही कळवता येते. २०१६ साली कायद्यात दुरुस्ती होऊन गावाला ग्रामरक्षक दल नेमण्याची सोय झाली. ग्रामसभेने ठरविले तर असे दल उभे राहते आणि चोरट्या दारूची खबर सरकारला देते. दलाने खबर द्यावयाची, कोणाला मारझोड करावयाची नाही. आदिवासी भागातील गावांना तर १९९६ च्या पेसा कायद्याने याहून जास्त अधिकार आहे. तेथे दारूची विक्री बंद करणे किंवा तिला आळा घालणे हे ग्रामसभेच्या हातात दिले आहे.

हा पाठ संपल्यावर दुसऱ्या आठवड्यात आम्ही वर्गात आजींच्या गावची मतदार यादी आणली. एकेका बाईने एकेक पान घेतले. वाचनाचा याहून चांगला सराव मी चाळीस वर्षांच्या मास्तरकीत पाहिला नाही. नाव वाचायचे, वय वाचायचे, घर कोठे ते आठवायचे. आजींचे बोट एका ओळीवर थांबले. त्यांनी अक्षरे जुळवून नाव वाचले, पुन्हा वाचले. "ही माझी थोरली जाऊ," त्या म्हणाल्या. "हिला जाऊन तीन वर्षं झाली." मग पेन्सिलीने त्या नावापुढे बारीक खूण केली आणि पुढचे नाव वाचायला घेतले.

अभ्यास

१. तुमच्या गावच्या यादीत स्त्री मतदार किती आहेत? त्यांचा चौथा हिस्सा किती होतो? निम्म्याहून एक जास्त म्हणजे किती?

२. एका गावी ५६० स्त्री मतदार आहेत. मतदानाला ४०० आल्या. आडव्या बाटलीला २७५ मते पडली. दुकान बंद होईल का? किती मते कमी पडली? यादीतील १४ नावे वारलेल्या बायकांची होती आणि ती आधी कमी केली असती, तर काय झाले असते?

३. 'माझा या ठरावास विरोध आहे' हे वाक्य पाच वेळा लिहा. खाली आपली सही करा.